वर्गणी

पत्र आलंय. लाल अक्षरांत : शेवटची संधी.
मार्चमध्येही शेवटचीच होती,
त्याआधी हॅलोविनलाही.
वर्षाचे पंचेचाळीस डॉलर.
सोबत परतीचं पाकीट, तिकीट न लावता चालणारं.

लेम्पी म्हणते, टाक ना चुलीत.
मी म्हणतो, थांब, हिशेब तर करू.

पंचेचाळीसात हरणाच्या मोसमापुरते गोळ्यांचे दीड डबे येतात,
किंवा सलगम घातलेल्या सहा पॅस्टी, गरम.
आणि मला मिळालं काय?
एक टोपी, कोंबड्यांना दाणे टाकताना घालतो ती.
एक घडीचा चाकू, लोण्यालाही बोथट.
काचेवरचं स्टिकर; ते लावलंच नाही,
चोराला पत्ता कशाला द्या.
आवळा देऊन कोहळा काढायची रीत.

पण खोटं का बोलू, विमा मिळाला होता.
तळ्यावरचा बर्फ फुटला, स्लेज गेली,
स्लेजबरोबर बापाची रायफल.
सहा आठवड्यांत तीनशे बारा डॉलरचा चेक,
एक प्रश्न जास्तीचा नाही.
जवळजवळ सात वर्षांची वर्गणी एका फटक्यात वसूल.
रायफल अजून खालीच आहे, पाइक माशांच्या पहाऱ्यात.

मग चांदमारीच्या मैदानाशेजारी
डेट्रॉइटच्या लोकांनी बंगले बांधले
आणि आवाजाची तक्रार केली.
मी संघटनेला तीन पत्रं लिहिली.
उत्तरात वर्गणीची आठवण आली.
मैदान वाचवलं ग्लॅडिस हार्यूनं,
वय एक्क्याऐंशी, टाउनशिपची जुनी कारकून.
काखेत नकाशे मारून ती सभेत उभी राहिली
आणि बसली ते जिंकूनच.
जन्मात तिनं बंदूक धरलेली नाही.
आवाजाचा तिलाही त्रासच होतो म्हणे.

पत्र म्हणतं : रेइनो, ते तुमच्या दाराशी येतील.
तीस वर्षांत माझ्या दाराशी आले ते असे :
जनगणनेची बाई,
टाय लावून देव विकणारी दोन पोरं,
एकदा अस्वल,
आणि गेल्या डिसेंबरात एन्सिओ.

आयलीला जाऊन दहा दिवस झाले होते.
जमीन दगड झालेली, म्हणून तिची पेटी
दफनभूमीच्या कोठीत वसंताची वाट बघत होती.
एन्सिओनं ट्रकमधून चादरीत गुंडाळलेलं काही काढलं,
झोपलेलं पोर उचलावं तसं.
तीन रायफली, एक पिस्तूल.
चादर आयलीची, निळ्या फुलांची.
‘बर्फ जाईतो ठेव,’ म्हणाला.
मी का ते विचारलं नाही.
आम्ही फिन; आमच्यात एवढं म्हणजे भाषणच झालं.
लेम्पीनं कॉफी ठेवली. तो दोन कप प्याला.
कपाटाची किल्ली मी पिठाच्या डब्यात पुरली
आणि हिवाळाभर रोज उठून
आधी त्याच्या धुराड्याकडे बघायचो.
धूर दिसला की मग आमचा विस्तव.

ह्याची पावती नाही.
एन्सिओ आजन्म सभासद आहे, भिंतीवर चौकट लावलेला.
देणगीसाठी त्यालाही हेच पत्र येतं :
एन्सिओ, ते तुमच्या बंदुका घेऊन जातील.

मेमध्ये आयलीला माती दिली.
दुसऱ्या दिवशी तो आला, एकच रायफल उचलली, हरणाची.
‘बाकीच्या?’
‘असू देत.’
पिठाचा डबा त्यानंच परत फळीवर ठेवला,
हात पँटीला पुसले.

पाकीट टेबलावर आहे.
लेम्पीनं त्यावर बाजाराची यादी लिहिलीय :
यीस्ट, खिळे, कॉफी दोन डबे.
दोनच्या खाली रेघ.
मी चेकबुक काढून आजची तारीख घातली.
नावाची ओळ अजून कोरी आहे,
आणि पेन, बघा, चालतंय चांगलं.